गणित सर्वांच्या वाट्याला यावे
(नांदगाव खंडेश्वर येथील शिक्षक-पालकांसमोरील व्याख्यान)



चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. लेखाचा अखेरचा भाग मराठीत असून बाजारातील मालावरचे उत्पन्न आणि घाण्यांवरचे तेल मठाला दिल्याचा त्यात उल्लेख आहे. गणिताचा भार तेव्हा गावाने उचलला होता. ज्या समाजाच्या कष्टावर विद्या पोसली जाते, त्या समाजाच्या प्रत्येक लेकरापर्यंत ती पोहोचलीच पाहिजे.

प्रत्यक्षात काय दिसते? एकाच वर्गात एक मुलगा सायंकाळी शिकवणीला जातो, तर दुसरा दिवाळीनंतर कापूस वेचायला. पाचवीत अपूर्णांक सुटला की आठवीत बीजगणित अडते. दोष बुद्धीचा नसतो, सुटलेल्या पायरीचा असतो.

यावर आजवर सुचलेला उपाय प्रायः एकच, गणित कमी करण्याचा. दहावीला काही वर्षे ‘सामान्य गणिता’चा पर्याय होता, नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो बंद झाला. पुढे 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित व विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर अकरावीत जाऊ देण्याची तरतूद आली. मात्र गुणपत्रिकेवर शेरा असेल, आणि गणित-विज्ञानावर आधारलेली वाट त्या विद्यार्थ्याला मिळणार नाही. मूल नापास होऊन शाळेबाहेर पडू नये, ही त्यामागील भावना रास्त आहे. परंतु पंधराव्या वर्षी बंद झालेले दार पुन्हा उघडणे सुखवस्तू घराला जमते, मजुराच्या घराला नाही. समता म्हणजे दुबळ्याला थोडे गणित नव्हे. सर्वांना तेच गणित आणि मागे पडलेल्याला अधिक साहाय्य.

साहाय्याचा आरंभ भाषेपासून होतो. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असे वाचन आले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: लिहिताना दोन आधी आणि बोलताना तीन आधी, येथे लहान मूल गोंधळते. मतभेद असोत, पण मूल नेमके कोठे अडखळते, हे पाहण्याची ती दृष्टी प्रत्येक शिक्षकाने घ्यावी.

येथील मुलाला विचारा, साडेबारा क्विंटल सोयाबीन, भाव 4200, पैसे किती? तो तोंडी 52,500 सांगेल. मग विचारा, माल तोच, पैसे 52,500, तर भाव किती? हेच समीकरण. फळ्यावर ‘क्ष’ येण्याआधी हा व्यवहार यावा, आणि त्याने तो वऱ्हाडी बोलीत समजावला तर त्याला कोणी हसू नये. उत्तर देण्याची संधी पहिल्या बाकापुरती राहू नये, मुलींनाही ती मिळावी.

6174 या अंकाचे वैशिष्ट्य 1949 साली जगापुढे मांडणारे द. रा. कापरेकर देवळालीचे शाळामास्तर होते. मोठे गणित मोठ्या शहरातच जन्मते, असा नियम नाही.

खंडेश्वराच्या हेमाडपंती देवालयाचे दगड चुन्याविना उभे आहेत, कारण प्रत्येक दगड शेजारच्याला आधार देतो. गावातील पदवीधर तरुणांनी आठवड्यातून दोन सायंकाळी अभ्यासिकेत बसून सुटलेली पायरी भरून दिली, तर हेच वर्गातही घडेल. त्यासाठी शासनादेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.