होडीच्या इंजिनाची नाडी



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, वर्षाचा हिशेबही वाचून झाला. आता एक निवृत्त शिक्षक तापलेल्या इंजिनाविषयी बोलण्यास उभा राहतो, याचे काहींस नवल वाटेल. परंतु ज्या भोई समाजाने गोदावरी आणि पूर्णा यांच्या काठी पिढ्यान्पिढ्या वल्ह्यावर संसार चालविला, त्याच्या सभेत होडीचा विषय निघू नये, तर कोठे निघावा?

आपल्या वाडवडिलांनी भोपळ्यांच्या सांगडीवर, गुळाच्या काहिलीत आणि लाकडी होडीत बसवून माणसे पैलतीरास नेली. पुढे पूल झाले आणि उतार ओस पडले. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण झाले, तेव्हा जाळ्यांना जलाशय मिळाला. आता आपल्यापैकी काही घरांनी होडीच्या मागे अडकविण्याचे जुने इंजिन घेतले आहे. २००६ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात गोदेने काठ सोडला, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी इंजिन भर धारेत बंद पडले, तर प्रश्न यंत्राचा राहत नाही. होडीत बसलेल्या लेकराबाळांचा होतो. म्हणून हा विषय.

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ साली अशी इंजिने विकण्यास आरंभ केला. तेव्हापासून यंत्रात पुष्कळ सुधारणा झाल्या. पण त्यास थंड ठेवण्याची मूळ युक्ती फारशी बदललेली नाही. मोटारगाडीस रेडिएटर असतो. होडीच्या इंजिनास नदी हाच रेडिएटर! इंजिनाचा जो पाय पाण्यात बुडतो, त्यावर जाळीची बारीक तोंडे असतात. त्यांतून पाणी आत शिरते. आत पात्यांचा एक रबरी पंखा असतो. त्यास कारागीर इंपेलर म्हणतात. तो पाणी नळीवाटे वर ढकलतो, ते पाणी सिलेंडरभोवती फिरून उष्णता घेते आणि धुराबरोबर खाली नदीत परत जाते. त्यातील थोडे पाणी मागील बाजूच्या लहान छिद्रातून धार होऊन बाहेर पडते. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनातून येणारे कोमट पाणी ज्यांनी हातावर घेऊन पाहिले आहे, त्यांस हे समजण्यास अडचण पडणार नाही.

ही बारीक धार म्हणजे इंजिनाची नाडी होय. इंजिन सुरू होताच प्रथम तिकडे पाहावे. धार दिसत नसेल किंवा क्षीण असेल, तर पुढे जाऊ नये. इंजिन बंद करावे, आणि पाणी ज्या वाटेने जाते त्या वाटेने दोष शोधीत जावे. घाईने मधलेच झाकण उघडणाऱ्यास दोष सापडत नाही, खर्च मात्र सापडतो.

प्रथम सर्वांत सोपे पाहावे. धारेचे छिद्रच गाळाने किंवा माशीच्या घरट्याने बुजलेले असते. त्यात नायलॉनचा जाड दोरा हलकेच घालून ते मोकळे करावे. मग खालची तोंडे पाहावीत. आपल्या नद्यांत जलपर्णी, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांची वाण नाही. एक पिशवी जाळीवर बसली, तरी पंखा कोरडा पडतो.

एवढ्याने धार सुधारली नाही, तर पंप उघडावा. खालचा पाय काढताना गिअरचा दांडा आधी सोडविण्यास विसरू नये. इंपेलरची पाती एका अंगास वाकून तशीच राहिली असतील, चिरली असतील, किंवा त्यांची धार झिजली असेल, तर तो बदलावा. पाती मोजावीत. एखादे कमी भरले, तर त्याचा तुकडा वरच्या नळीत अथवा मार्गात अडकलेला असतो; तो काढल्यावाचून नवा इंपेलर बसविणे व्यर्थ. इंपेलर दांड्यावर धरून ठेवणारी लहान चावी तुटली असेल, तर दांडा फिरतो आणि पंखा स्वस्थ बसतो. नवा इंपेलर बसविताना दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवावा, म्हणजे पाती उलटी दुमडत नाहीत. नळीच्या जोडावरील रबर आणि पंपाचे गॅस्केटही पाहून घ्यावे.

पंप निर्दोष असूनही इंजिन तापते, तेव्हा थर्मोस्टॅटकडे वळावे. इंजिन गरम झाले की पाण्याची वाट उघडणारे हे दार आहे. ते काढून पाण्याच्या भांड्यात टांगावे आणि पाणी तापवावे. पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधी ते उघडले पाहिजे. उघडले नाही, तर नवे घालावे. ते कायमचे काढून टाकण्याचा सल्ला काही लोक देतात, तो ऐकू नये. इंजिन फार थंड राहिले, तर इंधन नीट जळत नाही आणि काजळी साचते. शेवटी सिलेंडरभोवतीच्या वाटा राहतात; तेथे गाळ बसला असेल, तर तो जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावा.

येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. काही इंजिनांत धारेचे पाणी सिलेंडरकडे जाण्यापूर्वीच वळविलेले असते. तेथे चांगली धार पंपाची ग्वाही देते, सिलेंडरची नव्हे. म्हणून वरच्या भागाची उष्णताही अधूनमधून तपासावी.

आता आपल्या भूमीविषयी. परभणीच्या काळ्या मातीचा गाळ अत्यंत बारीक असतो आणि पुराच्या पाण्यात तो भरून वाहतो. हा गाळ इंपेलरची पाती व पंपाची भिंत घाशीत राहतो. म्हणून गढूळ पाण्यातून परतल्यावर इंजिनाचा पाय स्वच्छ पाण्याच्या पिंपात, जाळीची तोंडे बुडतील इतका खोल ठेवून, दहा मिनिटे इंजिन चालवावे. कोरडे इंजिन मात्र काही क्षणही चालवू नये. त्या पंख्यास वंगण पाण्याचेच असते. आणि तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी ओतू नये. तापलेला धातू अकस्मात आकसला तर त्यास चीर पडते.

बंधूंनो, वल्हे कसे धरावे, हे आपणांस कोणी शाळेत शिकविले नाही. बापाच्या शेजारी बसून आपण ते पाहिले. इंजिनाची विद्या अशी आपोआप येत नाही, ती उघडून दाखवावी लागते. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो. पण आमच्या पुतण्याच्या जुन्या इंजिनाचा पंप त्याच्या शेजारी बसून उघडला, तेव्हा त्यात समजण्यास कठीण असे काही आढळले नाही. म्हणून आमची विनंती इतकीच की, ज्या घरी इंजिन आहे त्या घरच्या एका मुलाने व एका मुलीने पावसाळ्यापूर्वी ते उघडून पाहावे, एक जादा इंपेलर घरात ठेवावा, आणि इंजिन कितीही भरवशाचे असले, तरी वल्हे होडीतून उतरवू नये. वडिलांचे वल्हे आणि मुलांचे यंत्र ही दोन्ही ज्या होडीत आहेत, तिच्यात बसण्यास पुराच्या दिवशीही माणसास धीर येईल.