वाचनालयाचे दुसरे दार

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त कडोदरा येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि आपल्या राज्यात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले, हे ग्रंथप्रेमी मंडळींना ठाऊक आहेच. त्या खात्याने केलेली एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. वाचकाला ग्रंथालयापर्यंत येता येत नसेल तर ग्रंथालयानेच त्याच्यापर्यंत गेले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. आज कडोदरा ज्या पलसाणा तालुक्यात मोडते, तो तालुका त्या काळी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होता. तेव्हा हा विचार ह्या मातीला परका नाही.

आज त्या पेटीची जागा संकेतस्थळाने घेतली आहे. ग्रंथसूची, सभासदत्वाचा अर्ज, व्याख्यानमालेची सूचना, दुर्मिळ अंकांच्या प्रती, हे सारे हळूहळू संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर येत आहे. संकेतस्थळ हे ग्रंथालयाचे दुसरे दार होय. पहिल्या दाराला पायऱ्या असतील तर चाकांच्या खुर्चीवरून येणारा वाचक बाहेर राहतो, आणि ते सर्वांना दिसते. दुसऱ्या दारापाशी अडलेला वाचक मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. तो मुकाट्याने परत जातो आणि त्याची नोंद कोठल्याही हजेरीपटावर होत नाही. म्हणूनच ह्या दाराचा विचार अधिक काळजीने करावयास हवा.

ह्या दाराशी कोण येते? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टीचे अपंगत्व होते. पण प्रश्न तेवढ्यांचाच नाही. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेले निवृत्त शिक्षक, हात थरथरत असल्याने माउस नेमक्या जागी नेऊ न शकणाऱ्या आजीबाई, कानांनी अधू झालेले जुने सभासद, हे सर्व ह्याच दाराशी उभे आहेत. कडोदऱ्याच्या चौकात मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरतेहून बारडोलीमार्गे खानदेशाकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. त्याच रस्त्याने धुळे, नंदुरबार, जळगाव भागांतून आलेली असंख्य मराठी कुटुंबे सुरत परिसरातील कापडगिरण्यांच्या आणि प्रोसेस हाउसांच्या आधाराने स्थिरावली. त्यांतील पाळीवर जाणाऱ्या कामगाराकडे संगणक नसतो. असतो तो लहान पडद्याचा मोबाइल आणि मोजकाच डेटा. त्याच्या दृष्टीने जड आणि गुंतागुंतीचे पान हेही बंद दारच ठरते.

अंध वाचक पडद्यावरील पान कसे वाचतो, हे समजून घेतले म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल. त्याच्या संगणकात ‘स्क्रीन रीडर’ नावाची प्रणाली असते. ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविते. माउस त्याच्या उपयोगाचा नसतो. तो सर्व व्यवहार कळफलकावरून करतो. डोळस वाचक वर्तमानपत्र उघडताच मथळ्यांवरून नजर फिरवितो, तसा हा वाचक एक कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी घेतो. परंतु पान तयार करणाऱ्याने शीर्षक हे ‘शीर्षक’ म्हणून नोंदविलेले नसेल, केवळ अक्षरे मोठी व ठळक केलेली असतील, तर प्रणालीला ते शीर्षक आहे हे कळतच नाही. मग त्या वाचकाला अख्खे पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. अर्जातील रकान्याला नाव जोडलेले नसेल तर ‘येथे लिहा’ एवढेच ऐकू येते. काय लिहायचे ते समजत नाही. चित्राला पर्यायी मजकूर नसेल तर ‘चित्र’ एवढाच शब्द कानी पडतो. वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र दाखवून ‘हे ओळखा’ असे सांगणारी पडताळणी आली की त्याची वाट तेथेच संपते.

मराठीच्या बाबतीत ह्याहून मोठा एक अडथळा आहे आणि तो आपल्याच घरातील आहे. संगणकावर मराठी छपाई रुळली तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले फॉन्ट काढले. त्यांतील बहुतेकांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या होत्या. छापलेल्या कागदावर ‘ग्रंथालय’ हा शब्द सुबक दिसे. संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक माळ असे. डोळ्याला ह्याने काही बिघडत नव्हते. पण स्क्रीन रीडर आकृती पाहत नाही, पोटातला संकेत वाचतो. त्यामुळे अशा फॉन्टातील कथा वा कविता ऐकू पाहणाऱ्या अंध वाचकाच्या कानांवर अर्थहीन रोमन अक्षरांचा गलबला पडतो. शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नाही.

ह्या दुखण्यावरील उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रमाणसंहितेत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगातील सर्व संगणकांवर एकच राहतो. तिच्या नेमकेपणाचे एक उदाहरण मराठीच्या अध्यापकांना आवडेल. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद मराठी व्याकरणात नेहमी शिकविला जातो. एक गुरूला उद्देशून, दुसरा स्वयंपाक्याला. युनिकोडमध्ये हे दोन शब्द वेगवेगळ्या वर्णक्रमांनी लिहिले जातात. म्हणजे हा भेद केवळ डोळ्यांसाठी न राहता यंत्रालाही उपलब्ध होतो.

युनिकोड आले तरी काम संपत नाही. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद त्याच्या संकेतलेखनात करावी लागते. ती नसेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी वा हिंदी आवाजात मराठी वाचू लागतो. मुळात मराठी वाचनच यंत्राला कठीण आहे. ‘चोर’ आणि ‘चंद्र’ यांतील च निराळे, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा यांतील ज निराळे, आणि लिपी हा भेद दाखवीत नाही. भाषेची नोंदच चुकली तर उरलेसुरले आकलनही हरपते.

दुसरी घरगुती चूक पानांच्या छायाचित्रांची. जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले की ग्रंथ ‘उपलब्ध’ झाले असे समजले जाते. जतनासाठी ती छायाचित्रे अमोल आहेत यात शंका नाही. पण छायाचित्रातील मजकूर हा यंत्राच्या लेखी मजकूर नव्हे. तो ऐकता येत नाही आणि त्यात शोध घेता येत नाही. शिवाय लहान पडद्यावर अक्षरे मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते. त्यातच अशी प्रत त्याच पुस्तकाच्या साध्या मजकुरापेक्षा कितीतरी पटींनी जड असते, त्यामुळे बेताचा डेटा असणाऱ्याला ती उतरवून घेणेही परवडत नाही.

ह्या सर्व गोष्टींविषयी जगात पुष्कळ विचार झालेला आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १९९७ मध्ये सुगम्यतेचा स्वतंत्र उपक्रम हाती घेतला आणि १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्यात ८६ कसोट्या आहेत; परंतु त्यांचे सार चार अपेक्षांत सांगता येते. मजकूर कोणत्या तरी इंद्रियाने जाणवला पाहिजे. पान हाताळता आले पाहिजे. ते समजले पाहिजे. आणि निरनिराळ्या साधनांवर ते टिकले पाहिजे. कसोट्यांचे तीन स्तर असून मधला, ‘दुहेरी ए’ म्हणून ओळखला जाणारा स्तर, व्यवहारात सर्वत्र प्रमाण मानला जातो. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये तयार झालेली मार्गदर्शक तत्त्वे ह्याच सूत्रांना धरून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली.

कायदाही मागे राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. पुस्तकांच्या बाबतीत तर वाट आधीच मोकळी झाली होती. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी सुगम प्रती तयार करण्याची मुभा दिली. आणि २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या वाचकांची तेथे सोय आहे, आणि आपल्या सभासदांना त्याची माहिती देणे हेही ग्रंथपालाचेच काम आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? मोठ्या खर्चाची कामे सोडून, कोणत्याही ग्रंथालयाला करता येतील अशीच कामे पाहू. सर्व मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि पानाची भाषा नोंदलेली असावी. शीर्षके, याद्या आणि तक्ते त्या त्या नावाने नोंदवावेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढी तफावत असावी. फिक्या पिवळ्यावर केशरी अक्षरे शोभिवंत दिसतात, पण वाचवत नाहीत. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पान मोडू नये. ‘येथे टिचकी मारा’ असा दुवा न देता ‘सभासदत्वाचा अर्ज’ असा द्यावा, कारण दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा ‘येथे’ ऐकून काहीच बोध होत नाही. मुखपृष्ठाच्या चित्राला पुस्तकाचे व लेखकाचे नाव जोडावे. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीचे वर्णन करू नये. व्याख्यानाच्या चित्रफितीखाली त्याचा मजकूर द्यावा. तो कर्णबधिरांना लागतोच, आणि यंत्रांच्या खडखडाटात उभ्या असलेल्या कामगारालाही उपयोगी पडतो.

परीक्षणाची साधनेही बहुतांशी विनामूल्य आहेत. ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मायकेल करन ह्या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये लिहावयास घेतला. तो कोणालाही फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही सोय आहे. ‘वेव्ह’सारखे परीक्षक पानातील ढोबळ दोष दाखवून देतात. तथापि यंत्राला सर्व दोष सापडत नाहीत. चित्राला मजकूर जोडला आहे की नाही हे यंत्र सांगते. तो मजकूर योग्य आहे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. सर्वांत सोपी परीक्षा अशी की माउस बाजूला ठेवावा आणि केवळ टॅब व एंटर ह्या कळांनी सूचीतील एखादे पुस्तक शोधून दाखवावे. त्यानंतर एखाद्या अंध वाचकाला सन्मानाने बोलावून त्याचे मत घ्यावे. अक्षरे मोठी करण्याचे एखादे बटण पानावर चिकटविले म्हणजे पान सुगम झाले, असे मात्र कोणी समजू नये. आतील रचना सदोष असेल तर ते बटण निरुपयोगी ठरते.

जुन्या ग्रंथांचे काम वेळखाऊ आहे, परंतु अशक्य नाही. १९६४ पर्यंत निधन पावलेल्या लेखकांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य भारतीय कायद्यानुसार आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. स्कॅन केलेल्या पानांतून मराठी मजकूर काढणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. त्यांच्या चुका दुरुस्त करण्यासाठी मात्र मराठी जाणणारी सावध नजर लागते, आणि ती ह्या ग्रंथालयाच्या सभासदांपाशी आहे. निवृत्त शिक्षकांनी रोज दोन पाने तपासली तर वर्षाकाठी प्रत्येकाच्या हातून दोन-तीन ग्रंथ कानाला उपलब्ध होतील. खर्चाचा प्रश्नही ह्याच वृत्तीने सुटेल. बडोदे संस्थानात गावाने आपला वाटा उभा केला की तेवढाच वाटा प्रांत पंचायत आणि तेवढाच सरकार देई. आश्रयदात्यांनी इमारतीला आणि कपाटांना जसा हात दिला, तसाच तो ह्या कामालाही द्यावा.

कामाचा आरंभ ह्या स्मरणिकेपासूनच व्हावा. छपाईसाठी ती जुन्या फॉन्टात जुळविली गेली आणि नंतर तीच पाने संकेतस्थळावर चढविली गेली, तर शंभर वर्षांचा हा इतिहास अंध वाचकांना आणि उद्याच्या शोधयंत्रांना कोराच राहील. फॉन्टांचे रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत. शीर्षके नोंदविण्यास आणि प्रत्येक छायाचित्राखाली दोन ओळी लिहिण्यास चार दिवसांहून अधिक वेळ लागणार नाही. कार्यकारी मंडळाने तसा ठराव आजच करावा, आणि छापील प्रत प्रकाशित होईल त्याच दिवशी ऐकता येणारी प्रतही वाचकांच्या हाती द्यावी, एवढी नम्र विनंती करून हे भाषण येथे संपते.