पाण्याची खूण

जुलै २०१८चा पाऊस वसई-विरारकर विसरलेले नाहीत. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, मिठागरांत माणसं अडकली. पुढे महापालिकेनं आयआयटी मुंबई आणि ‘नीरी’ या संस्थांकडे पुराचा अभ्यास सोपवला.

पण पाण्याची वाट गल्लीतल्या माणसालाही ठाऊक असते. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरलेलं पाणी खाडीकडे जाताना कुठे तुंबतं, कितव्या पायरीपर्यंत चढतं, किती तासांनी ओसरतं, हे तारखेसह नकाशावर मांडा. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या, की आधी कोणता नाला उपसायचा, कोणती मोरी रुंद करायची, हे नुसत्या अंदाजानं ठरवावं लागत नाही. तेव्हा भिंतीवरची पाण्याची खूण रंगवून टाकण्याआधी ती मोजून ठेवा!