आकृतीचा नियम आणि आकृतीचा अर्थ
(पनवेल येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्या कातळावर मधमाश्यांची पोळी असतात. पोळ्यातील प्रत्येक घर सहा बाजूंचे आणि त्याभोवती पुन्हा सहा घरे.

हीच रचना अंगणात पाहावयाची असेल, तर ‘सात ते चार’ ठिपक्यांची रांगोळी आठवावी. मधली ओळ सात ठिपक्यांची. तिच्या दोन्ही अंगांना सहा, पाच, चार. एकूण ठिपके ३७. मध्यापासून मोजले तर एक, त्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा. ‘पंधरा ते आठ’च्या रांगोळीत ठिपके भरतात १६९, म्हणजे नेमका १३ चा वर्ग. गणिताचे पुस्तक कधी न उघडलेल्या आजीच्या बोटांत ही भूमिती नांदत होती.

मग सहाच का? बाजू आणि कोन समान असलेल्या आकृतींपैकी केवळ त्रिकोण, चौरस आणि षट्कोन याच, एकाच प्रकारच्या आकृतीने, फट न ठेवता पृष्ठभाग भरून काढतात. त्यांत तेवढ्याच क्षेत्रासाठी सर्वांत कमी कड षट्कोनाला लागते. म्हणजे मेण वाचते. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने ही काटकसर चौथ्या शतकात वर्णिली. कोणत्याही आकाराच्या समान क्षेत्रफळाच्या घरांशी तुलना करूनही षट्कोनच सरस ठरतो, याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर मात्र मेणही नाही आणि माशीही नाही. तेथे तप्त लाव्हा निवताना आकसला, त्याला तडे गेले आणि बहुकोनी स्तंभ उभे राहिले. कारण निराळे, आकृतीचे नाते मात्र जवळचे.

हा झाला निसर्गाचा नियम. अर्थ देतो तो माणूस. ऊर्ध्वमुख त्रिकोण शिवाचा, अधोमुख शक्तीचा आणि दोहोंच्या मीलनातून षट्कोनी यंत्र, ही आपली परंपरा. तीच आकृती ज्यू समाजात दाविदाचा तारा म्हणून पूज्य आहे. एकाच आकृतीला दोन समाज दोन अर्थ देतात, म्हणून त्यांतील कोणताही खोटा ठरत नाही. प्रतीक साधकाला एकाग्र करते. ते निसर्गनियमाचा पुरावा होऊ शकत नाही.

हा विवेक सुटला की अभिमानाची हानी होते. प्रत्येक मंदिरात सुवर्णगुणोत्तर, प्रत्येक फुलात गूढ संख्या, असे दावे सर्रास केले जातात. जास्वंदीला पाच पाकळ्या असतात हे खरे. पण मोहरीच्या फुलाला चारच असतात. घरातील चौकस मुलाने एवढे दाखवले, तरी दावा कोसळतो. आणि त्या एका पोकळ दाव्यापायी ते मूल खऱ्या वारशाकडेही संशयाने पाहू लागते.

खरा वारसा तर पुष्कळ मोठा आहे. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. मग चार मात्रांची रचना किती प्रकारांनी होईल? पाच. पाच मात्रांची? आठ. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. हा क्रम विरहांकांनी छंदशास्त्रात सांगितला आणि जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकाच्या मध्याला मांडला. पिसाच्या लिओनार्दोचा, म्हणजे फिबोनाचीचा, ग्रंथ १२०२ चा. सूर्यफुलाच्या बियांच्या आवर्तात ३४ आणि ५५ या याच क्रमातील संख्या वारंवार आढळतात. हेमचंद्रांनी सूर्यफूल मोजले नव्हते. त्यांनी कवितेच्या मात्रा मोजल्या. त्यांचे मोठेपण सिद्ध करण्यास एवढे सत्य पुरेसे आहे.

आज नव्या इमारतींत उंबऱ्यापाशी रांगोळीचे छापील स्टिकर चिकटलेले असते. त्यात आकृती आहे. मोजणारी बोटे नाहीत. या दिवाळीत घरातील लहानग्यांच्या हाती रांगोळी द्यावी, सात ते चार ठिपके मांडू द्यावेत आणि मग विचारावे, ‘किती झाले?’ उत्तर त्यांनी स्वतः मोजून द्यावे. आकृतीचा अर्थ आजीने सांगावा.