कॅप्सूल पास झाली, पण कधी?



आम्हा पेन्शनरांच्या गप्पांत गुडघे आणि कोलेस्टेरॉल हे दोन विषय पक्के, आणि दोन्हींवर कोणीतरी फिश ऑइलची बाटली काढतोच. प्रश्नही ठरलेला: "रोज घेतो, जनुकांना इजा तर होत नाही ना?"

हे तपासायची पहिली पायरी म्हणजे एम्स चाचणी. अमेरिकेत बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी ती १९७०च्या दशकात बसवली. साल्मोनेलाचे असे जिवाणू घेतात, ज्यांना हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. ते बाहेरून मिळालं नाही, तर ते वाढत नाहीत. तपासायच्या पदार्थाने जनुक बदललं, तर काहींना ती ताकद परत मिळते आणि बशीत ठिपके उमटतात. ते मोजायचे, आणि पदार्थ न घातलेल्या बशीशी ताडायचे. जिवाणूला यकृत नसतं, म्हणून घुशीसारख्या मोठ्या उंदराच्या यकृताचा अर्क घालून पुन्हा तेच करतात. काही पदार्थ यकृताची प्रक्रिया झाल्यावरच घातक होतात. त्यापुढे उंदरांना तो पदार्थ देऊन अस्थिमज्जेतल्या कोवळ्या तांबड्या पेशींत गुणसूत्राचे तुटके तुकडे राहिलेत का, ते पाहतात.

चाचणी उत्तम. पण दारूगोळ्याचा लॉट कारखान्यात पास झाला म्हणून डेपोत कोणी निर्धास्त राहत नाही. ठरावीक मुदतीने तो पुन्हा तपासतात, कारण उष्णता आणि दमट हवा आपलं काम करत असतात.

तेलाचंही तसंच आहे. ईपीएमध्ये ५ आणि डीएचएमध्ये ६ दुहेरी बंध असतात. हवा, उजेड, उष्णता लागली की ते लवकर खवट होतात. त्यात मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं, आणि ते डीएनएला चिकटतं हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणून कॅप्सूलने कर्करोग होतो असं मी म्हणत नाही. तसं कोणी म्हणालं तर पुरावा मागा. पण पास झाला तो प्रयोगशाळेत पोचलेला नमुना. तुमची बाटली मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापत नागपूरला किंवा हैदराबादला आली, आणि मग गॅसच्या शेगडीशेजारी उभी राहिली. तिचं काय?

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २०१७च्या मानकात सर्वसाधारण माशाच्या तेलाला पेरॉक्साइड ५, अ‍ॅनिसिडीन २० आणि दोन्ही मिळून काढलेला टोटॉक्स २६, अशी कमाल मर्यादा आहे. कंपनीला ईमेल करा आणि आपल्या बॅचचे आकडे तारखेसह मागा. बॅच नंबर बाटलीवर असतोच. आले नाहीत, तर ब्रँड बदला. एखादी कॅप्सूल कापून वासही घ्या. मात्र लिंबाचा स्वाद घातला असेल तर नाक फसतं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाटली आधी डॉक्टरांना दाखवा.