गोष्टीतला ‘मी’ कोण?



देवगाव फाट्यावर तुम्ही एस.टी.ची वाट पाहत उभे असता. तेवढ्यात बातमी येते, पुढं रस्त्यावर बस आणि ट्रक एकमेकांना घासले. बसचा ड्रायव्हर ती हकिकत एक तऱ्हेने सांगतो, ट्रकवाला दुसऱ्या. चहाच्या टपरीवरचा माणूस तिसरीच सांगतो, आणि त्याने तर काही पाहिलेलंच नसतं! घटना एक, सांगणारे तीन.

पुस्तकातल्या गोष्टीलाही असा सांगणारा असतो. त्याला निवेदक म्हणतात. गोष्टीत जी माणसं वावरतात, ती पात्रं. आधी काय घडलं, त्यामुळं पुढं काय घडलं, ही जी साखळी असते ते कथानक. हे दोन शब्द चटकन समजतात. निवेदकापाशी मात्र गाडी अडते. कारण तो पुष्कळदा ‘मी, मी’ म्हणून बोलतो, आणि आपल्याला वाटतं, लेखकच बोलतोय.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. ही कादंबरी आहे, म्हणजे पुस्तकभर चालणारी गोष्ट. १९५५ साली ती निघाली. औंध संस्थानातली धनगरांची लहानशी वाडी. तिथं एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. सगळी हकिकत तोच सांगतो. माडगूळकरांनीही तरुणपणी मास्तरकी केली होती. मग हा ‘मी’ म्हणजे तेच का? नव्हे. गोष्टीतल्या मास्तराचं नाव राजाराम. लेखकाने माती आपल्या अनुभवाची घेतली, पण माणूस निराळा घडवला.

आणि सांगायला मास्तरच का निवडला? तो वाडीला परका आहे. त्याला जसजशी वाडी कळते, तसतशी आपल्याला कळते. वाडीच्या कारभाऱ्याने हीच गोष्ट सांगितली असती, तर ती वेगळी झाली असती. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला, त्यांना ही पानं वाचून दाखवा. मधे थांबून समजावून सांगायची गरज पडायची नाही.

आता कुणी म्हणेल, निवेदक ओळखून आमच्या पोटाला काय मिळणार? ऐका तर. पेरणीच्या आधी गावात हँडबिलं वाटतात. त्यावर फेटेवाल्या शेतकऱ्याचं चित्र असतं. तो म्हणतो, ‘मी हे बियाणं पेरलं आणि माझं घर उभं राहिलं.’ इथंही ‘मी’ आहे, बरं का! हा मी कोण? त्याचं गाव कोणतं, तालुका कोणता? रान कोरडवाहू की पाण्याखालचं? एकरी किती क्विंटल माल निघाला? कादंबरीवाला निदान सांगतो तरी की बाबांनो, ही कादंबरी आहे. हँडबिलवाला तेवढंही सांगत नाही.

तेव्हा ते हँडबिल घेऊन दुकानात जा, आणि त्या फेटेवाल्याचा पत्ता विचारा. पत्ता मिळाला, तर त्याचं रान बघून या. मग बियाण्याचं ठरवा, आणि घेतलंत तर पक्की पावती घ्या.