मेजर जनरल स्मेडली बटलर : पदकें आणि सदसद्विवेक

(ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीचा दिवस हा जसा गौरवाचा, तसाच गेलेल्या वर्षांचा हिशेब पाहण्याचाहि होय. म्हणून आज आम्ही आपणांपुढें अशा एका योद्ध्याचें चरित्र ठेवीत आहों, कीं ज्यांची छाती पदकांनीं भरली होती, आणि तरीहि ज्यांनीं आपल्या आयुष्याचा हिशेब स्वतःच जगापुढें मांडला. ते म्हणजे अमेरिकेच्या मरीन दलाचे, म्हणजे जहाजांवरून उतरून जमिनीवर लढणाऱ्या आरमारी सैन्याचे, मेजर जनरल स्मेडली बटलर.

बटलर यांचा जन्म १८८१ सालीं पेनसिल्व्हानिया संस्थानांत झाला. घराणें क्वेकर पंथाचें. आणि युद्ध वर्ज्य मानणें ही तर त्या पंथाची मुख्य शिकवण. असें असतां १८९८ सालीं स्पेनशीं युद्ध जुंपतांच अवघ्या सोळा वर्षांच्या या मुलानें वय वाढवून सांगितलें व तो मरीन दलांत सेकंड लेफ्टनंट झाला. १९०० सालीं चीनमधील तिएन्‌त्सिनच्या लढाईंत एका जखमी अधिकाऱ्यास वांचविण्यास ते धांवले असतां त्यांच्या मांडीस गोळी लागली. त्या काळीं आरमारी अधिकाऱ्यांस ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्याचा नियम नव्हता. म्हणून त्यांस कॅप्टनची मानद पदवी देण्यांत आली.

तें सर्वोच्च पदक त्यांस पुढें एकदां नव्हे, दोनदां मिळालें. पहिलें १९१४ सालच्या मेक्सिकोमधील व्हेराक्रूझच्या लढाईबद्दल. परंतु आपण या सन्मानास पात्र ठरण्याजोगें कांहीं केलें नाहीं, असें म्हणून बटलर यांनीं तें परत केलें! वरिष्ठांनीं तें पुन्हा त्यांच्याकडे धाडलें आणि तें जवळ ठेवावें, इतकेंच नव्हे तर छातीवर लावावें, असा हुकूम केला. दुसरें पदक १९१५ सालीं हैतीमधील फोर्ट रिव्हिएर या डोंगरी किल्ल्याबद्दल. भिंतींतील एका अरुंद वाटेनें आपल्या दोन शिपायांमागोमाग ते आंत घुसले. आंतील पन्नासांवर लढवय्ये पडले.

येथें आम्हांस थोडें थांबलें पाहिजे. त्याच हैतीमध्यें बटलर यांच्या हाताखालील शिपाईदलानें एका जुन्या कायद्याच्या आधारें गांवकऱ्यांना वेठीस धरून रस्ते बांधविले. रस्ते झाले व त्यांची वाहवाही झाली. पण ज्यांच्या पाठीवर ते झाले, त्यांस कोणीं पदक दिलें नाहीं.

पहिल्या महायुद्धांत १९१८ सालीं फ्रान्समधील ब्रेस्ट येथील चिखलानें व रोगराईनें ग्रासलेली छावणी त्यांच्याकडे सोंपविण्यांत आली. चिखलावर अंथरावयाच्या लांकडी फळ्या या जनरलांनीं शिपायांबरोबर स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या. सामान्य शिपायाविषयींचा हा जिव्हाळा त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं. १९३१ सालीं मुसोलिनीवर जाहीर टीका केल्याबद्दल त्यांस अटक झाली. पुढें लष्करी न्यायालयापर्यंत प्रकरण न जातां तें ठपक्यावर मिटलें. त्याच वर्षीं ते निवृत्त झाले. १९३२ च्या जुलैंत आपल्या बोनसची मागणी घेऊन वॉशिंग्टनला तळ देऊन बसलेल्या हजारों माजी सैनिकांत जाऊन त्यांनीं त्यांस धीर दिला.

आणि १९३५ सालीं त्यांनीं ‘वॉर इज अ रॅकेट’ हें छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलें. युद्धाचा नफा मूठभरांच्या पेटींत जातो व त्याची किंमत सामान्यांचीं मुलें भरतात, हा त्याचा आशय. उपायहि त्यांनीं सांगितले : युद्धांतील नफा काढून घ्या, ज्यांस लढावें लागणार त्यांचाच कौल घ्या, सैन्य स्वदेशाच्या रक्षणापुरतेंच ठेवा. तेहतीस वर्षांवरील नोकरींत आपण बहुतेक काळ बड्या व्यापाऱ्यांचे व पेढीवाल्यांचे दांडगे म्हणून राबलों, अशी कबुलीहि त्यांनीं त्याच वर्षीं छापून दिली.

कोणी म्हणेल, हें शहाणपण निवृत्तीनंतर सुचलें; पदरीं पेन्शन पडल्यावर सत्य बोलण्यास काय लागतें? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. हैतीच्या वेठबिगाऱ्यांस त्या कबुलीनें कांहीं परत मिळालें नाहीं. परंतु आपल्या कीर्तीचा पायाच आपल्या हातानें खणणें हें फोर्ट रिव्हिएरच्या भिंतींत शिरण्याहून सोपें होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. किल्ल्यांत शिरतांना पाठीशीं पलटण असते. या कामीं मनुष्य एकटा असतो.

बटलर १९४० च्या जूनमध्यें फिलाडेल्फिया येथें निवर्तले. त्यांचीं दोन्ही पदकें त्यांच्या शौर्याचीं साक्षी आहेत, यांत शंका नाहीं. परंतु शौर्य कोणाच्या कामीं आलें, हें पदक सांगत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच स्वतःस विचारावयाचें असतें. बंधुभगिनींनो, आपण एकमेकांच्या गळ्यांत हार घालीत असतां हा प्रश्नहि जवळ बाळगावा, इतकेंच आमचें मागणें आहे.